शाफ्टची गाडी आणि दोनशे मिली तेल

शाफ्टच्या मोटरसायकलला काही करावं लागत नाही, असं सांगणारी माणसं मला फौजेतही भेटली आणि सिव्हिलमध्येही. चेन नाही, म्हणजे चेनला तेल नाही, ताण बघायला नको, स्प्रॉकेट बदलायला नको. टाकी भरा आणि चालत राहा. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. चेनची गाडी निदान तक्रार तरी करते. चेन सैल झाली की आपटते, कोरडी पडली की किरकिरते, आणि बूट घालायला वाकलं तरी डोळ्यांना दिसते. शाफ्ट बंद डब्यात असतो. तो गप्प बसतो, आणि बोलायला लागतो तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून शाफ्टच्या गाडीला कोणतं गिअर ऑइल घालायचं हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही.

सध्या पोस्टिंग बंगळूरला आहे. युनिटचं नाव लिहीत नाही, नेहमीच्या वाचकांना कारण ठाऊक आहे. मी ईएमईचा, म्हणजे हत्यारं आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरचा माणूस. रविवारी आउटपास मिळाला की बाकीची मंडळी एम. जी. रोडला जातात, मी पीण्याला जातो. घरून फोन आला की बायको विचारते, "आज कुठं फिरलात?" पीण्या म्हटलं की म्हणते, "तिथं काय आहे बघण्यासारखं?"

बघण्यासारखं पुष्कळ आहे. यशवंतपूर ओलांडून तुमकुरु रस्त्याला लागलं की गोरगुंटेपाळ्यानंतर पीण्या औद्योगिक क्षेत्र सुरू होतं. हाच रस्ता पुढे हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा करत पुण्याला जातो. १९७० च्या दशकात सरकारने इथं छोट्या कारखान्यांसाठी जागा पाडल्या, आणि आज हे देशातल्या सगळ्यात मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक आहे. मेट्रो १ मार्च २०१४ ला पीण्या इंडस्ट्री स्टेशनपर्यंत आली. स्टेशनवरून खाली उतरून आतल्या गल्लीत वळलं की आपली भोसरी किंवा शिरोली आठवते. एका शेडमध्ये लेथ, दुसऱ्यात गिअर हॉबिंग, तिसऱ्यात हीट ट्रीटमेंटची भट्टी. कटिंग ऑइल, क्वेंचिंग ऑइल, हायड्रॉलिक ऑइल यांची पिंपं दारात उभी. तेलाशिवाय इथं एक पान हलत नाही, आणि कोणत्या मशीनला कोणतं तेल हे चुकलं तर काय होतं हे इथल्या हेल्परलाही माहीत असतं.

आता मूळ मुद्दा. आमच्या स्टेशनवर एक मेजर साहेब आहेत, मूळचे नागपूरचे. त्यांनी २०१० ची एक सेकंडहँड बीएमडब्ल्यू आर १२०० जीएस घेतली. रजा टाकून वहिनींना मागे बसवून लेहला जायचा बेत. एक दिवस म्हणाले, "उस्ताद, इंजिन ऑइलचं मला कळतं. हे मागच्या चाकातलं तेल कोणतं घालू? कुणी म्हणतं एकशेचाळीस नंबर घाला, कुणी म्हणतं रेसिंगचं घाला, दुकानदार म्हणतो सुटं नव्वद घेऊन जा."

सर्व्हिस बुक मागून घेतलं. आधीच्या मालकाने इंजिन ऑइलच्या नोंदी अगदी सुवाच्य अक्षरात ठेवल्या होत्या. मागच्या ड्राईव्हच्या तेलाची एकही नोंद नव्हती. हे त्या एका मालकाचं वैगुण्य नव्हे. शाफ्टच्या बहुतेक गाड्यांची हीच कहाणी असते.

ज्यांनी शाफ्टची मोटरसायकल उघडलेली पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. जीप किंवा जिप्सीच्या मागच्या ॲक्सलमध्ये क्राऊन आणि पिनियन असतात. प्रोपेलर शाफ्ट लांबीच्या दिशेने फिरतो, पिनियन क्राऊनला फिरवतो, आणि फिरण्याची दिशा काटकोनात वळून चाकाकडे जाते. शाफ्टच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी हेच काम छोट्या डब्यात होतं. बीएमडब्ल्यूने १९२३ च्या आर ३२ या पहिल्याच मोटरसायकलला शाफ्ट दिला. फौजांना तो आवडला, कारण वाळू आणि चिखल चेनला खातात, बंद शाफ्टला नाही. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मनांच्या शाफ्टच्या मोटरसायकली चाललेल्या पाहून अमेरिकन सैन्याने १९४२ मध्ये हार्लेकडून एक्सए नावाची शाफ्टची गाडी बनवून घेतली. साधारण हजार नग झाले आणि मग जीपने ते काम घेतलं. सोव्हिएत एम-७२ ही बीएमडब्ल्यू आर ७१ वरूनच बेतलेली, आणि उरल हा तिचाच वंश. आपल्याकडे मात्र चेनचं राज्य. पीण्यापासून दोन-अडीच तासांवर होसूरला टीव्हीएसच्या कारखान्यात बीएमडब्ल्यूच्या ३१० सीसीच्या गाड्या बनतात, त्यांनाही चेनच आहे. त्यामुळे शाफ्टचं तेल हा विषय गल्लीतल्या मेकॅनिकच्या हाताखालून फारसा गेलेलाच नसतो, आणि ऐकीव मतांना रान मोकळं मिळतं.

अशी तीन मतं मी सतत ऐकतो.

पहिलं, तेल जितकं जाड तितकं चांगलं. गंमत म्हणजे डब्यावरचा नव्वद हा आकडा बघून लोकांना वाटतं की हे इंजिनच्या चाळीसच्या दुपटीहून जाड असणार. तसं नाही. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. १०० अंश सेल्सिअसला नव्वद नंबरच्या गिअर ऑइलची चिकटाई १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक असते. इंजिनच्या चाळीस नंबरची १२.५ ते १६.३. म्हणजे तापल्यावर दोघं जवळजवळ भाऊभाऊ. एकशेचाळीस नंबर मात्र २४ च्या वर जातो. जाड तेल घुसळायला ताकद लागते, ती ताकद उष्णता होते, आणि थंडीत ते बेअरिंगपर्यंत वेळेवर पोचत नाही. कंपनीने ७५डब्ल्यू-१४० सांगितलं असेल तर अवश्य घाला, तिथं तसा भार आहे. पण सांगितलं नसताना "सुरक्षित म्हणून" जाड घालणं म्हणजे नऊ नंबरचा पाय अकरा नंबरच्या बुटात घालून मार्चला निघणं. जीएसच्याच २०१३ नंतरच्या पाण्याने थंड होणाऱ्या पिढीला कंपनीने ७०डब्ल्यू-८० इतक्या पातळ तेलापर्यंत आणलं आहे, हे जाडवाल्यांनी लक्षात घ्यावं.

दुसरं मत, पाच हा चारपेक्षा मोठा, म्हणून जीएल-५ नेहमी जीएल-४ पेक्षा भारी. हे नंबर परीक्षेतले गुण नव्हेत, कामाची वर्गवारी आहे. क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. हायपॉइड गिअरमध्ये, म्हणजे पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्यापासून सरकवलेला असतो तिथं, हे घासणं फारच असतं. दाब इतका की मधला तेलाचा थर फाटतो. त्या क्षणी तेलातली गंधक-फॉस्फरसची रसायनं पोलादाशी क्रिया करून दातावर एक पातळ पापुद्रा तयार करतात. तो पापुद्रा झिजतो आणि दात वाचतो. गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर नाक मुरडायला लावणारा वास येतो तो याच गंधकाचा. जीएल-५ मध्ये ही रसायनं जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असतात. हायपॉइडला तीच हवीत. पण ज्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रो रिंग किंवा ब्राँझचे बुश आहेत आणि कंपनीने जीएल-४ सांगितलं आहे, तिथं तेच गंधक पिवळ्या धातूला खाऊ शकतं. म्हणून एकाच गाडीत गिअरबॉक्सचं आणि मागच्या ड्राईव्हचं तेल वेगळं असू शकतं. आणि जिथं गिअरबॉक्स, वेट क्लच आणि इंजिन एकाच तेलात बुडालेले आहेत तिथं गिअर ऑइल घालणं म्हणजे क्लचची वाट लावणं.

फौजी वाचकांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे जीएल-४, जीएल-५ प्रकरण मुळात लष्करी मागणीतून आलेलं आहे. अमेरिकन सैन्याच्या एमआयएल-एल-२१०५ या मानकाशी जीएल-४ ची जोडी लावतात, आणि त्याच्या पुढच्या बी, सी, डी आवृत्त्यांशी जीएल-५ ची. भार टाकलेला ट्रक चढावर आणि झटके खाताना ॲक्सलचे दात टिकले पाहिजेत, ही त्यामागची गरज. आपण सिव्हिलच्या दुकानातून जो डबा घेतो, त्याच्या पाठीवर एका फौजेची गरज छापलेली आहे.

तिसरं मत, महाग ते चांगलं. यावर पीण्यातल्या एका माणसाचं बोलणं सांगतो. गिअर कापणाऱ्या एका शेडमध्ये एक फोरमन आहेत, निपाणीचे, मुलं इथंच कन्नड शाळेत शिकलेली. मी गेलो की चहा मागवतात. क्राऊन-पिनियन हातात घेऊन त्यांनी मला दाखवलं, "हे दात आतनं मऊ हैत, वरची कातडी तेवढी कडक. मिलिमीटरभर धरा. ती गेली की दात गेला." भट्टीत कार्बन मुरवून वरचा थर कठीण करतात, मग जोडी एकमेकांवर लॅप करतात, आणि पुढे आयुष्यभर ती जोडीनेच राहते. एक खराब झाला तर दोन्ही बदलायचे. मी महागड्या तेलाचं विचारल्यावर म्हणाले, "तेल म्हागाचं घेतलासा म्हणून दात काय शाणं हुईत न्हाईत. येळंवर बदला की!"

मला ते शंभर टक्के पटतं. ज्या गाडीच्या पुस्तकात ८०डब्ल्यू-९० जीएल-५ चालतं असं लिहिलं आहे आणि जी बंगळूर-सातारा रस्त्यावरच धावणार आहे, तिला नावाजलेल्या कंपनीचं साधं मिनरल तेल दर १०,००० किलोमीटरला बदलून घाला. चाळीस हजार किलोमीटर न बदललेल्या परदेशी सिंथेटिकपेक्षा ती गाडी सुखात राहील. पुस्तकात २०,००० लिहिलं असेल तर तो आकडा मी कमाल मर्यादा मानतो. पावसात, धुळीत, दोन माणसं आणि सामान घेऊन चालणाऱ्या गाडीला अर्ध्यावरच बदल. नव्या गाडीचं पहिलं तेल तर पहिल्याच सर्व्हिसला, कारण नवे दात बसताना धातूचा चुरा त्यातच पडतो.

यावर कुणी म्हणेल, ही फौजी सवय आहे, तारीख आली की चांगलं तेलही ओतून टाकायचं. आरोप अगदीच खोटा नाही. ट्रकच्या इंजिनाबाबत मी हा वाद ऐकून घेईन, तिथं पंधरा-वीस लिटरचा प्रश्न असतो. पण या डब्यात तेल मावतं साधारण २०० मिली. दोन-तीन कप चहा. एका लिटरच्या डब्यात पाच वेळा काम होतं. इतक्या थोड्या तेलात धातूचा चुरा मिसळला की ते पटकन गढूळ होतं, कारण पसरायला जागाच नाही. जिथं तेल कमी, तिथं बदल लवकर.

याच हिशेबाने सुटं तेलही बाद. तुमकुरु रस्त्यालगतच्या एका दुकानात मेजर साहेबांना पिंपातलं तेल बाटलीत भरून देत होते, "सेम टु सेम, सर." पिंपावर ना ग्रेड, ना वर्ग, ना तारीख. कारखान्यातली माणसं ज्या पिंपाच्या चाचणीचा कागद मागितल्याशिवाय मशीनमध्ये थेंब घालत नाहीत, तसल्याच पिंपातून आपण दोन जिवांखालच्या चाकात तेल घालायचं? मागचं बेअरिंग गेलं की चाक आधी डुलतं, आणि दुर्लक्ष केलं तर जाम होतं. सपाट रस्त्यावर जाम झालेलं मागचं चाक आडवं पाडतं. झोजिलावर ते कुठं पाडेल ते सांगायची गरज नाही.

आता लेहपुरतं. माझी दोन हिवाळ्यांची पोस्टिंग लडाखमध्ये झाली आहे. तिथं सकाळी गाडी हलवताना ॲक्सलमधलं तेल किती जड झालंय ते क्लच सोडतानाच पायाला कळतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा तिथं कामाला येतो. ८५डब्ल्यूची थंडीतली परीक्षा उणे १२ अंशांना घेतात, ८०डब्ल्यूची उणे २६ ला, ७५डब्ल्यूची उणे ४० ला. उन्हाळ्यात जाणाऱ्याला इतकी थंडी लागणार नाही, पण साहेबांच्या गाडीच्या पुस्तकात मुळातच ७५डब्ल्यू-९० जीएल-५ सिंथेटिक लिहिलेलं. म्हणजे कंपनीने हा विचार आपल्या आधी केलेला आहे. तिथं पैसे वाचवायचे नाहीत आणि एकशेचाळीस घालून जास्त शहाणपणही करायचं नाही.

लडाखमधला दुसरा शत्रू पाणी. पँगाँगच्या वाटेवर पागल नाला आहे, दुपारनंतर बर्फ वितळलं की तो नावाला जागतो. तापलेला ड्राईव्हचा डबा थंडगार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून, ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. परतल्यावर तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर समजा पाणी शिरलं. मग किलोमीटर मोजत बसू नका, त्याच मुक्कामी बदला. म्हणून लांबच्या प्रवासात मी साहेबांना पाव लिटरची भरलेली बाटली, एक वॉशर आणि एक ॲलन की बरोबर ठेवायला सांगितली. जागा पाण्याच्या बाटलीपेक्षा कमी लागते.

बदलण्याची पद्धत सोपी आहे, पण चार गोष्टी चुकवू नका. गाडी थोडी चालवून तेल कोमट करा, म्हणजे चुरा सगळा बाहेर येतो. काढायचा नट उघडण्याआधी भरायचा नट उघडून बघा. तो अडकला तर गाडी रिकामी करून बसाल. काढायच्या नटाला चुंबक असेल तर बोटाने पुसून बघा. राखाडी लेप दिसला तर ती नेहमीची झीज. नखाएवढे चकचकीत कपचे दिसले तर गाडी हलवू नका. साहेबांच्या नटावर काळपट लेप निघाला, कपचा एकही नाही. मला हायसं वाटलं, त्यांना तर जास्तच. शेवटची गोष्ट, भरताना मोजून भरा. जास्त भरलं की दाबाने सील सोडतं, तेल टायरवर आणि ब्रेकवर उतरतं. कमी तेलाने दात जातात, जास्त तेलाने ब्रेक जातो. आणि काढलेलं तेल गटारात नको. पीण्याचं भूजल प्लेटिंगच्या क्रोमियमने आधीच नासलेलं आहे, त्यात आपली भर कशाला? जुनं तेल गोळा करणारे असतात, बाटलीत भरून त्यांना द्या.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढं काय त्या तेलाचं? त्यांना मी पीण्याचाच उड्डाणपूल दाखवतो. २०१० मध्ये सुरू झाला, तुमकुरु रस्त्यावर चार किलोमीटरहून लांब. वरून पाहिलं तर ठणठणीत. पण काँक्रीटच्या आत ताणलेल्या पोलादी केबल असतात, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांतल्या काही बिघडल्याचं आढळलं आणि पूल बंद करावा लागला. हलक्या गाड्या फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडल्या, ट्रक-बसना मात्र २०२४ पर्यंत खालूनच जावं लागलं. खालच्या रस्त्यावर तासन्‌तास अडकलेल्या ट्रक ड्रायव्हरला विचारा, न दिसणाऱ्या गोष्टीची तपासणी वेळेवर होण्याची किंमत काय असते.

तेव्हा कोणत्या ब्रँडचं तेल घेऊ, असं मला विचारू नका. गाडीचं पुस्तक उघडा. ग्रेड, जीएलचा वर्ग आणि किती मिली, हे तीन आकडे वहीत लिहून घ्या. जुन्या मोटो गुझींच्या पुस्तकात तर २३० मिली ८०डब्ल्यू-९० आणि २० मिली मॉलिब्डेनमचं मिश्रण इतकं नेमकं लिहिलेलं असतं. ज्यांनी डबा बनवला त्यांनी मोजून सांगितलं आहे. ते तीन आकडे ज्या सीलबंद डब्यावर जुळतील तो घ्या, बिल घ्या. घातल्यावर तारीख आणि किलोमीटर त्याच वहीत लिहा. साहेबांच्या सर्व्हिस बुकात मागच्या ड्राईव्हची पहिली नोंद आता पडली आहे. गाडी विकायची वेळ आली तर पुढच्या मालकाला ती वाचायला मिळेल.

जय हिंद.